फिजिओ सुरू करताना: आखडलेल्या खांद्याचा अनुभव

ऑर्थोपेडिक डॉक्टरांनी एक्स-रे बघितला, हात वर करायला लावला, ‘फ्रोझन शोल्डर’ असं सांगितलं आणि चिठ्ठीवर गोळ्यांच्या खाली एक शब्द लिहिला: फिजिओथेरपी. कुठे जायचं, किती दिवस, तिथे काय करतात, दुखतं का, साखर असलेल्या माणसाला चालतं का, यातलं त्या एका शब्दातून काहीच कळत नव्हतं. बाहेर बाकं भरलेली होती, त्यामुळे विचारायला सवडही नव्हती.

मी साताऱ्यात राहते. वय ५१, मधुमेह बऱ्याच वर्षांचा. सरकारी कचेरीत अभिलेख सांभाळायचं काम, म्हणजे दिवसभर मांडणीवरचे गठ्ठे काढायचे आणि परत जागेवर लावायचे. डावा खांदा दुखायला लागला तेव्हा आधी झोप गेली. मग ब्लाऊजचे मागचे हूक, मग वेणी, मग वरच्या फळीवरचा डाळीचा डबा. अशा अवस्थेतल्या कितीतरी बायका आता मला भेटतात. कोणी वाताचं म्हणतं, कोणी वयाचं, आणि हात अंगाशी धरून संसार रेटत राहतं. त्यांना फिजिओला जायचा धीर यावा आणि तिथे काय होतं ते आधी कळावं, म्हणून हे सविस्तर लिहिते आहे.

चिठ्ठी घेऊन मी आधी एका ठिकाणी गेले. तिथे खांदा कोणी तपासलाच नाही. कॉटवर झोपवलं, चार पॅड चिकटवले, मशीन सुरू करून मदतनीस मुलगा निघून गेला. बेल वाजली की पैसे द्यायचे आणि घरी यायचं. काही दिवस असंच चाललं. तेवढ्यापुरतं बरं वाटायचं आणि हात होता तिथेच राहायचा. मग कचेरीतल्या मैत्रिणीने दुसऱ्या फिजिओथेरपी डॉक्टरांचं नाव सांगितलं. या तिशीतल्या. मला ‘काकू’ म्हणतात, मी त्यांना ‘डॉक्टर’ म्हणते. आमचं जे काही सुरू झालं ते तिथे.

पहिल्या दिवशी अर्ध्याहून जास्त वेळ प्रश्नांतच गेला, आणि हे चांगल्या जागेचं लक्षण आहे असं मी आता ठामपणे सांगते. दुखणं कसं सुरू झालं, पडलात का, हिसका बसला का. दुखतं ते खांद्यात, की मानेपासून खाली उतरतं. बोटांत मुंग्या येतात का. रात्री कुठल्या कुशीवर झोपता, दुखण्याने जाग येते का. साखर किती, एचबीए१सी (साधारण तीन महिन्यांची सरासरी साखर दाखवणारी तपासणी) कधी केलं होतं, थायरॉईड आहे का. अलीकडे कारण नसताना वजन कमी झालंय का, ताप येतो का. हृदयात पेसमेकर आहे का, शरीरात कुठे रॉड किंवा प्लेट आहे का, कधी कॅन्सरचा उपचार झालाय का. शेवटचे प्रश्न ऐकून मला भीती वाटली, तेव्हा त्यांनी कारण सांगितलं. विजेवर चालणारी काही मशीन पेसमेकरवाल्याला लावत नाहीत, आणि खांदा दुखण्याच्या मागे कधीकधी मानेतली दबलेली नस किंवा दुसरं काही गंभीर कारण असू शकतं. ते नाही ना, याची आधी खात्री करायची असते.

म्हणून पहिल्या दिवशी सगळी फाईल न्यावी. एक्स-रे, साखरेचे रिपोर्ट, चालू असलेल्या सगळ्या गोळ्यांची यादी. मधुमेह असेल तर उपाशीपोटी जाऊ नये, पर्समध्ये दोन बिस्किटं ठेवावीत. आणि कपड्यांचं आधी ठरवावं. हे कोणी सांगत नाही, पण आपल्याकडच्या बाईला पहिली अडचण हीच येते. खांदा तपासायचा तर खांदा, काख आणि पाठीचा फरा दिसावा लागतो. घट्ट बाहीच्या ब्लाऊजमध्ये ते होत नाही, आणि हात वर जात नसताना तिथे ब्लाऊज काढणं हीच एक शिक्षा होते. मी पुढून बटणं असलेला सैल, बिनबाह्यांचा कुडता शिवून घेतला. वरून ओढणी. पडदा ओढून घ्या, बाईमाणूस सोबत असू दे, बाई डॉक्टरच हव्यात, हे सगळं आधी सांगता येतं. सांगायला अजिबात संकोच करू नये.

मग मोजमाप. त्यांच्याकडे प्लॅस्टिकच्या दोन पारदर्शक पट्ट्या होत्या, मधे जोडलेल्या आणि जोडावर अंशांची चकती. त्याला गोनिओमीटर म्हणतात. आधी उजवा, म्हणजे चांगला हात मोजला, कारण माझं माप माझ्याच दुसऱ्या हाताशी ताडून बघायचं होतं. उजवा पुढून वर १७० अंशांपर्यंत गेला, डावा १०५ ला अडला. बाजूने उचलताना डावा ७५. कोपर कमरेला चिकटवून पंजा बाहेरच्या बाजूला फिरवायचा, त्यात उजवा साठच्या पुढे गेला आणि डावा जेमतेम १५. पाठीमागे हात नेऊन अंगठा कुठल्या मणक्याला टेकतो तेही बघितलं. डावा कमरेच्याही खाली राहिला. सगळं एका कार्डावर तारखेसह लिहिलं गेलं.

पुढे त्या म्हणाल्या, “काकू, आता तुम्ही काही करू नका. हात माझ्याकडे सोपवा.” आणि तेच सगळे कोन त्यांनी स्वतः माझा हात धरून परत मोजले. या दुसऱ्या मोजणीचं महत्त्व मला नंतर कळलं. खांद्याचा स्नायू किंवा त्याला हाडाशी जोडणारी दोरी फाटली असेल तर माणसाला स्वतः हात उचलता येत नाही, पण दुसऱ्याने उचलला तर तो बराच वर जातो. माझा हात त्यांनी उचलला तरी तिथेच अडत होता. सांधाच आखडला होता. त्यातही बाहेर फिरवणं सगळ्यात जास्त गेलेलं, ही या दुखण्याची ठरलेली खूण. आरशासमोर उभं करून त्यांनी दाखवलं की हात वर नेताना मी आख्खा खांदा कानाकडे उचलते आणि कमरेतून वाकते. मला वाटत होतं हात वर जातोय. वर जात होतं ते बाकीचं अंग.

खांद्याच्या सांध्याभोवती एक पातळ पिशवीसारखं आवरण असतं. निरोगी माणसात ते काखेच्या बाजूला सैल असतं, चुणीसारखं, म्हणून हात पूर्ण वर जाऊ शकतो. या आजारात त्याला सूज येते, ते जाड होतं आणि आक्रसतं. डॉक्टर म्हणाल्या, “सुती ब्लाऊज पहिल्या धुण्यात काखेत आटतो ना, तसं झालंय.” मला ते लगेच समजलं. जोर लावून घातला तर शिवण उसवणार. हळूहळू ताणून सैल करायचा.

हा आजार साधारणपणे तीन टप्प्यांत जातो. पहिल्या टप्प्यात दुखणं जबर आणि हात आखडत जातो. दुसऱ्यात दुखणं उतरतं पण हात जखडलेला राहतो. तिसऱ्यात तो हळूहळू सुटत जातो. सगळं मिळून वर्ष ते तीन वर्षं लागू शकतात. हे ऐकून मला रडू आलं होतं. पण बरं झालं त्यांनी पहिल्याच दिवशी खरं सांगितलं. दहा दिवसांत हात मोकळा करून देतो म्हणणारे आमच्या भागात कमी नाहीत; एकाने तर मला हात धरून एका झटक्यात वर करून देतो असं सांगितलं होतं. सुजलेल्या सांध्यावर असा झटका दिला तर काय होईल या विचारानेच अंगावर काटा येतो. साधारणपणे शंभरातल्या दोन ते पाच जणांना हे होतं, मधुमेह असलेल्यांत हे प्रमाण दहा ते वीसपर्यंत जातं असं सांगतात, आणि त्यांचा खांदा सुटायलाही जास्त वेळ घेतो. साखर ताब्यात ठेवणं हा फिजिओचाच भाग समजा, असं त्यांनी बजावलं.

त्या दिवशी घरी जाताना व्यायाम एकच मिळाला, पण झोपेची सोय मिळाली. पाठीवर झोपायचं आणि दंडाखाली, कोपरापर्यंत, दुमडलेली चादर किंवा पातळ उशी ठेवायची, म्हणजे हात मागे लोंबत नाही. उजव्या कुशीवर झोपायचं असेल तर छातीशी मोठी उशी घेऊन डावा हात तिच्यावर. कित्येक आठवड्यांनी मी त्या रात्री सलग झोपले. एवढी साधी गोष्ट आधी कोणी सांगितली असती तर किती रात्री वाचल्या असत्या, असं मला अजून वाटतं.

आता मशीनबद्दल, कारण लोक विचारतात ते आधी तेच. शेक देतात तो गरम पाण्याच्या टाकीत ठेवलेल्या जाड कापडी पिशव्यांचा. त्या टॉवेलच्या बऱ्याच घड्यांत गुंडाळून खांद्यावर ठेवतात, पंधरा-वीस मिनिटं. मधुमेहात त्वचेची जाणीव कमी झालेली असू शकते, म्हणून त्यांनी आधी डोळे मिटायला सांगून एक कोमट आणि एक गार नळी खांद्याला लावून बघितली, मला फरक कळतो का ते. तुम्हाला मधुमेह असेल आणि ही तपासणी केली नाही, तर शेक घेण्याआधी आवर्जून विचारा. ‘करंट’ म्हणतात तो बहुतेक वेळा आयएफटी, म्हणजे इंटरफेरेन्शियल थेरपी. चार पॅड तिरपे लावून दोन प्रवाह एकमेकांना छेद देतात. मुंग्या आल्यासारखं वाटतं, पुढे तो भाग जरा बधिर होतो. टोचायला किंवा चटकायला लागलं तर सोसत बसू नये, लगेच सांगावं. अल्ट्रासाउंडमध्ये जेल लावून एक छोटं गोल यंत्र त्वचेवर फिरवत राहतात आणि जवळजवळ काहीच जाणवत नाही. फ्रोझन शोल्डरला त्याचा उपयोग होतो याचा पुरावा कच्चा आहे, हे माझ्या डॉक्टरांनी स्वतःहून सांगितलं आणि ते मला दिलंही नाही. मशीन दुखणं थोडं खाली आणायला, म्हणजे मग आपल्याला हात हलवता येईल, असं त्या प्रत्येक नव्या पेशंटला सांगतात. मशीन लावून घरी पाठवणाऱ्या जागेचा मला राग येतो तो यासाठी. तिथे कामाला सुरुवात होण्याआधीच काम संपतं.

खरं काम हातांनी होतं. मी पाठीवर झोपलेली, त्यांचा एक हात माझ्या फऱ्यावर, दुसरा काखेजवळ दंडाला धरून, आणि दंडाच्या हाडाचं गोल टोक त्या खाली किंवा मागे अगदी थोडं, लयीत ढकलत राहतात. बाहेरून बघणाऱ्याला काही होतंय असं वाटणारही नाही. याच्या चार पायऱ्या मानतात. पहिल्या दोन हलक्या, दुखणं शमवण्यासाठी. वरच्या दोन सांध्याच्या अडलेल्या टोकाला जाऊन तिथे काम करणाऱ्या. सुरुवातीचे कित्येक दिवस माझ्यावर फक्त हलक्या पायऱ्या वापरल्या, कारण दुखरा टप्पा अजून सरला नव्हता.

यातलं सगळ्यात अवघड काम माझ्याकडे होतं: हात सैल सोडणं. इतके महिने मी तो हात बसमधल्या धक्क्यापासून, घरातल्या लहानग्यांच्या मिठीपासून, कचेरीतल्या दारापासून जपत आले होते. मान, खांदा, दंड सगळं कायम आवळलेलं. “सोडा काकू, सोडा,” असं त्या म्हणायच्या आणि मी सोडला म्हणायचे, तेव्हा त्या माझा हात खालून अलगद काढून घ्यायच्या आणि तो हवेतच राहायचा. म्हणजे मीच धरून ठेवलेला. श्वास सोडताना हात सोडायचा, दात आवळायचे नाहीत, बोटं उघडी ठेवायची, असं करत ते जमायला लागलं. ज्या दिवशी तो पहिल्यांदा खरोखर जड होऊन त्यांच्या हातात पडला, त्या दिवशी दुखलं कमी आणि सरकला जास्त.

हेच लोंबत्या हाताच्या व्यायामातही लागतं. टेबलाला चांगला हात टेकून पुढे वाकायचं, आखडलेला हात खाली सोडायचा आणि अंग मागेपुढे डोलवायचं. हात आपोआप हलतो. खांद्याने हात हलवायचा नाही. बॉस्टनचे सर्जन कॉडमन यांच्या नावाने हा व्यायाम ओळखतात. ‘फ्रोझन शोल्डर’ हे नावही त्यांनीच १९३४ साली दिलं. पहिल्या दिवशी मिळालेला तो एक व्यायाम हाच.

दुखतं का, हा प्रश्न मला रोज कोणीतरी विचारतं. दुखतं. पण कसं दुखतं ते सांगायला शिकावं लागतं, आणि तिथे तेही शिकवतात. शून्य ते दहामध्ये आकडा सांगायचा. शून्य म्हणजे काही नाही, दहा म्हणजे कल्पना करता येईल तेवढं. सुरुवातीला मी लाजेने तीन सांगायचे आणि चेहरा आठ सांगत असायचा. आपल्याकडे बाईने सोसणं हे मोठेपणाचं मानलं जातं. तिथे ते उपयोगाचं नाही. तुम्ही कमी सांगितलंत तर समोरच्याचा हात जास्त पुढे जातो. आणि आकड्याबरोबर दुखण्याची जात सांगायची. ताण बसल्यासारखी ओढ लागते, की चमक निघते, की ठणका मारतो, की हाताला मुंग्या येतात. ओढ चालते, तिच्यातूनच पुढे जायचं असतं. चमक आली किंवा मुंग्या आल्या की थांबायचं. घरी गेल्यावर खांदा थोडा अवघडला तर घाबरायचं कारण नाही, पण दुसऱ्या दिवशी त्याच वेळेपर्यंत तो शांत व्हायला हवा. झाला नाही तर आदल्या दिवशीचं काम जास्त झालं, आणि तसं सांगितलं की त्या कमी करतात. आमच्याकडे दर वेळी पहिला प्रश्न हाच असायचा: “काल रात्री कसं होतं?”

थांबायला मिळतं तो एक मोठा हॉल आहे. कडेला दोन समांतर दांडे, भिंतीला खांद्याचं चाक, बोटं चढवत न्यायची लाकडी दातेरी पट्टी, कोपऱ्यात आरसा. पहिल्या दिवशी मी खाली मान घालून बसले होते. पुढे तिथली माणसं ओळखीची झाली. अर्धांगवायू झालेले एक आजोबा दांड्यांना धरून पाऊल टाकायचे आणि त्यांची सून मागे कंबरेचा पट्टा धरून चालायची. टेबलाशी बसून ते वाटीतले राजम्याचे दाणे चिमटीने उचलून दुसऱ्या वाटीत टाकायचे. एक दाणा पडला की हॉलमधले आम्ही सगळे श्वास धरायचो. तोंड वाकडं झालेली एक कॉलेजची मुलगी आरशासमोर भुवया उचलायचा सराव करायची. गुडघ्याचं ऑपरेशन झालेला कबड्डीपटू टाचेखाली टॉवेल घेऊन पाय ओढायचा आणि घामाने भिजायचा. लहानपणी पोलिओ झालेले एक गुरुजी पायाला आधार देणाऱ्या त्यांच्या कॅलिपरसकट यायचे. पोलिओच्या साथींच्याच काळात, १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला, मुंबईच्या केईएम रुग्णालयात फिजिओथेरपी शिकवणारी देशातली पहिली शाळा सुरू झाली. हे मला त्या गुरुजींनी सांगितलं, आणि ते सांगताना त्यांच्या आवाजात जो आदर होता तो माझ्याही मनात उतरला. तिथे बसल्यावर माझं दुखणं कमी व्हायचं असं नाही, पण एकटं वाटायचं थांबायचं.

डॉक्टरांकडे आठवड्यातून तीनदा, प्रत्येक वेळी पाऊण तास. बाकीचे सगळे तास खांदा माझ्याकडेच. दोन्ही बाजू कळल्यावर मी म्हणते की घरचा व्यायाम हाच उपचार आहे आणि क्लिनिकमध्ये तो दुरुस्त करून मिळतो. घरी दिवसातून तीनदा करायचा होता: सकाळी आंघोळीनंतर अंग गरम असताना, कचेरीतून आल्यावर, आणि झोपण्याआधी. पाठीवर झोपून दोन्ही हातांत काठी धरायची आणि चांगल्या हाताने आखडलेल्या हाताला डोक्याकडे न्यायचं. तीच काठी आडवी धरून, कोपर अंगाला चिकटवून, डाव्या पंजाला बाहेर ढकलायचं. दाराच्या चौकटीला कप्पी आणि नायलॉनची दोरी. हार्डवेअरच्या दुकानात शंभर-दीडशेत सगळं मिळालं. दुखणं उतरल्यावर पंचा पाठीमागून, एक टोक वरून आणि एक खालून धरून, वर ओढायचा. प्रत्येक व्यायाम दहा वेळा, टोकाला जाऊन थोडं थांबून.

आणि भिंत. स्वयंपाकघरातल्या भिंतीसमोर उभं राहून बोटांनी वर चढत जायचं, पोहोचेल तिथे पेन्सिलने बारीक रेघ आणि तारीख. आमच्या सासूबाईंना आधी ते आवडलं नाही, नवा रंग दिलेला होता. पुढे संध्याकाळी त्या स्वतःच विचारायला लागल्या, “आज कुठवर गेला गं?” ह्यांनी सकाळचा डबा भरायचं काम उचललं, म्हणजे मला ती वीस मिनिटं मिळाली. घरच्यांनी मदत करायची असेल तर ती अशी करावी. ‘तू बस, मी करतो’ म्हणून हातातलं प्रत्येक काम काढून घेतलं तर हात आणखी आखडतो. खांद्याखालची सगळी कामं, लाटणं, चिरणं, घड्या घालणं, मी डाव्या हाताची मदत घेऊन करत राहावीत असं डॉक्टरांनीच सांगितलं होतं. जड बादली आणि डोक्यावरचे गठ्ठे तेवढे बंद. कचेरीत मी तसं लिहून दिलं, आणि वरच्या मांडणीचं काम काही महिने एका तरुण सहकाऱ्याने केलं.

त्या रेघा सरळ वर गेल्या नाहीत. चार दिवस वर, मग दोन दिवस खाली, थंडीत सकाळी तर हमखास खाली. एक काळ असा आला की आठवड्यामागून आठवडे गोनिओमीटर एकाच आकड्यावर. मला वाटलं, एवढंच होणार. तेव्हा डॉक्टरांनी कार्ड काढून सगळी मापं दाखवली: हात वर जाण्याचा कोन थांबला होता, पण रात्रीच्या दुखण्याचा आकडा सातवरून तीनवर आला होता आणि बाहेरची फिरकी हळूच वाढली होती. एकाच आकड्याकडे बघत राहिलं की हे निसटतं. त्यासाठीच पहिल्या दिवसाचं कार्ड नीट भरलेलं असावं लागतं.

याच काळात त्यांनी मला परत ऑर्थोपेडिक डॉक्टरांकडे पाठवलं आणि सांध्यात स्टिरॉइडचं इंजेक्शन घ्यायचं ठरलं. त्याची मला धास्ती होती. मधुमेह असलेल्यांसाठी एक गोष्ट सांगायलाच हवी. या इंजेक्शनने साखर काही दिवस वाढते. आपल्या मधुमेहाच्या डॉक्टरांशी आधी बोलून, घरी ग्लुकोमीटर ठेवून मगच ते घ्यावं. माझी उपाशीपोटीची साखर एरवी १३०-१४०. दुसऱ्या दिवशी ती २४० झाली. गोळ्या वाढवून, फोनवर विचारत, साधारण आठवड्याभरात ती उतरली. दुखणं मात्र दोन-तीन दिवसांतच ओसरलं. हे इंजेक्शन सांधा सैल करत नाही, दुखणं कमी करून व्यायामाला मोकळी वाट देतं, आणि ती वाट काही आठवड्यांचीच असते. त्या आठवड्यांत आम्ही वरच्या पायऱ्यांचं काम केलं, जोर लावून, नेमाने. सगळ्यात जास्त अंश तेव्हाच मिळाले.

पैशांचं बोलायला हवं. माझ्याकडून एका सिटिंगचे ४०० रुपये घेत, आणि माझ्या मेडिक्लेममध्ये भरती न होता केलेला हा खर्च बसत नव्हता. महिन्याचा हिशोब केला तर आमच्यासारख्या घराला तो जाणवतो. हे मी डॉक्टरांना उघड सांगितलं तेव्हा त्यांनी आठवड्यातल्या तीन फेऱ्यांच्या दोन केल्या, नंतर एक, आणि तेवढा घरचा व्यायाम वाढवला. विचारलं तर मार्ग निघतो. सरकारी रुग्णालयांत फिजिओथेरपी विभाग असतात, आणि फिजिओथेरपीच्या कॉलेजांच्या ओपीडीत बऱ्याच कमी खर्चात उपचार होतात; तिथे शिकणारी मुलं हाताळतात, पण शिक्षक शेजारी असतात, आणि ती मुलं वेळ देतात. आपल्यावर कोण उपचार करतंय हे मात्र तपासावं. फिजिओथेरपीची पदवी बरीच वर्षं साडेचार वर्षांची होती, त्यात सहा महिन्यांची इंटर्नशिप, आणि महाराष्ट्रात उपचार करायला राज्य परिषदेची नोंदणी लागते. भिंतीवर प्रमाणपत्र नसेल तर विचारायला हरकत नाही. चांगल्या माणसाला त्याचा राग येत नाही.

माझा डावा हात आता पुढून १६० पर्यंत जातो. बाहेरची फिरकी ५० झाली आहे. पाठीमागे अंगठा हुकापर्यंत पोहोचतो, पण उजव्याइतका वर नाही, आणि कदाचित तेवढा जाणारही नाही. वेणी घालता येते. वरच्या मांडणीतले हलके गठ्ठे मी परत स्वतः काढते. हल्ली महिन्यातून एकदा मापापुरतं जाते, आणि स्नायूंत ताकद यावी म्हणून रबरी पट्टीचे व्यायाम घरी चालू आहेत. इतके महिने न वापरलेला दंड बारीक झाला होता, तो भरायला अजून वेळ आहे.

शेवटच्या सिटिंगला डॉक्टरांनी एक गोष्ट शिकवली, ती मधुमेह असलेल्या प्रत्येकाने करावी अशी आहे, कारण एका खांद्यानंतर काही काळाने दुसराही धरण्याची शक्यता असते. आरशासमोर उभं राहायचं, दोन्ही कोपरं कमरेला चिकटवून काटकोनात वाकवायची, अंगठे वर, आणि दोन्ही पंजे एकदम बाहेरच्या बाजूला उघडायचे. दोन्ही सारखे उघडतात का ते बघायचं. एक बाजू मागे राहायला लागली, किंवा त्या बाजूला रात्री दुखायला लागलं, तर तपासून घ्यायचं. मी दर रविवारी केस धुतल्यावर हे करते, आणि कचेरीतल्या साखर असलेल्या तिघींना जेवणाच्या सुट्टीत करायला लावते. त्यातल्या एकीचा उजवा पंजा गेल्या महिन्यात मागे राहिला. हात अजून १४० पर्यंत वर जातो आहे तोवरच तिची फिजिओ सुरू झाली.